मिन्कोचा शेजारी

मिन्कोला पुरून आल्यावर दोन्काने रीतीप्रमाणे घरातले आरसे झाकले, कुणी चुकून बसू नये म्हणून त्याच्या खुर्चीवर त्याची टोपी ठेवली, आणि तळघरातलं त्याचं यंत्र बंद करायला निघालेल्या शेजारणीचा, पेनाचा, हात धरला.

"राहू दे ते. चाळीस दिवस दिवा विझवायचा नसतो."

"दिवा वर आहे, तसबिरीपाशी," पेना म्हणाली. "हा कॉम्प्युटर आहे, बाई."

"यातही दिवा आहे."

यंत्राच्या पोटात एक हिरवा दिवा होता खरा, मिचमिच करायचा. माणूस गेला की त्याचा आत्मा चाळीस दिवस घराभोवतीच असतो आणि त्याला वाट दिसावी म्हणून वात तेवती ठेवायची असते, हे आमच्या त्रोयान गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मिन्को गेला तो तळघरातल्या याच खुर्चीत, मिरच्यांच्या बरण्यांखाली, या हिरव्या दिव्याकडे बघत. तेव्हा त्याला परत यायचं तर हाच दिवा ओळखीचा, असा दोन्काचा हिशोब. तरी तिने तेलाची वातही खाली आणून यंत्राशेजारी लावली. दिव्याला तेल लागतं, असं धर्मगुरूंनी तिला सांगून पाहिलं. हा तेलापेक्षा जास्त खातो, असं तिने त्यांना ऐकवलं आणि तो विषय संपला.

यंत्र नेमकं काय करतं, हे मात्र तिला माहीत नव्हतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

मिन्को फर्निचरच्या कारखान्यात वायरमन होता. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे माणसं मधमाश्या पाळतात, नाहीतर ओढ्यावर गळ टाकून बसतात. हा 'काळी खिंड' नावाचा ऑनलाइन खेळ खेळायला लागला. खेळात सगळीकडे धुकं, दलदल आणि पाठीमागून येणारी भुतं. मिन्कोला मान वळवायचा कंटाळा, म्हणून त्याने मूळ खेळाला बाहेरून जोडायचं एक ॲड-ऑन बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'शेजारी'. पाठीमागून काही आलं की शेजारी मिन्कोच्याच आवाजात खेकसायचा, "मागं बघ, गाढवा." शब्द न कळणाऱ्यालाही सूर कळायचा. बघता बघता लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत हजारो लोक आमच्या एका म्हाताऱ्याच्या शिव्या खात सुखाने खेळू लागले.

त्यातही या माणसाने आळशीपणा सोडला नाही. नवी शिवी सुचली की यंत्रासमोर बोलायची. यंत्र ती टिपून घ्यायचं आणि आठवडाभराचं बोलणं गाठोड्यात बांधून दर शुक्रवारी आपलं आपण सगळ्यांना पाठवून द्यायचं. मिन्कोला बोट हलवावं लागत नसे.

यावरून त्याचं आणि दिल्यानचं नेहमी वाजायचं. दिल्यान म्हणजे खालच्या आळीतला, कवळ्या बनवणारा. वयाने मुलासारखा, पण खेळात मिन्कोचा जोडीदार. त्याचं म्हणणं, हजारो लोक ज्यावर अवलंबून आहेत ती गोष्ट मिरच्यांच्या बरण्यांखाली ठेवणं हा वेडेपणा आहे. ॲड-ऑनची मोठमोठी संकेतस्थळं आहेत, तिथे ठेव. नाहीतर खेळाची कंपनी स्वतःच मागते आहे तर तिला दे. ती तपासेल, वाटेल, सांभाळेल. मिन्को म्हणायचा, "राकीया आपण गाळायची आणि बाटली आपणच पाहुण्याच्या हातात द्यायची. दुकानात ठेवली की आधी पाणी मिसळतात आणि मग दुकानाचं नाव चिकटवतात." तुझी वीज गेली म्हणजे, असं दिल्यानने विचारलं की तो म्हणायचा, येते परत. आणि तूच गेलास म्हणजे, असं विचारायचं मात्र दिल्यानला कधी सुचलं नाही.

मिन्को गेल्यावरच्या शुक्रवारी दिल्यान काम आटोपून, कवळ्यांची रांग वाळत ठेवून खेळायला बसला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'शेजारीची नवी आवृत्ती आली आहे.' शवपेटीचा एक कोपरा त्याने स्वतःच्या खांद्यावर वाहिला होता. त्याने बराच वेळ त्या ओळीकडे बघितलं आणि मग सवयीने 'घ्या' म्हटलं.

खेळात तो दलदलीत उभा होता. धुकं गुडघ्यापर्यंत आलेलं. पाठीमागे काहीतरी सरपटल्यासारखं झालं आणि शेजारी बोलला. मिन्कोसारखा खेकसून नाही. अगदी कानाशी, हळू, बाईच्या आवाजात.

"थंडी वाजते का रे तिथं?"

दिल्यानने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. टेबलावरून ते पुटपुटतच राहिले. समोर वीसेक कवळ्या त्याच्याकडे बघून दात विचकत होत्या. धीर करून त्याने हेडफोन पुन्हा कानाला लावले, तेव्हा तोच आवाज विचारत होता, यंदा मिरच्यांत अजमोदा घालू की नको. दोन्कामावशी. दिल्यानचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की यंत्र चालू आहे, माईक चालू आहे, आणि मावशी रोज दुपारी खाली बसून नवऱ्याशी बोलते आहे. ते सगळं हजारो लोकांच्या कानात जातं आहे.

आमची भाषा ज्यांना कळत नव्हती, त्यांची जास्त तंतरली. पोर्तुगालमधल्या एकाने खेळणंच सोडलं. फिनलंडच्या एका टोळीने ठरवून टाकलं की हा मंत्र आहे. लढाईआधी तो ऐकला की आपण जिंकतो. दलदलीत जिथे तो आवाज जास्त ऐकू येई, तिथे लोक नुसते येऊन उभे राहू लागले. कुणी लढेना, कुणी बोलेना. धुक्यात शेकडो चिलखती शिपाई माना खाली घालून उभे, आणि वरून एक म्हातारी सांगते आहे की तुझे लोकरी मोजे मी धुतले, पण दुसऱ्या पायाचा सापडत नाही.

दिल्यान दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्काच्या घरी गेला. डोंगरावरून खरंच धुकं उतरलं होतं आणि खिडकीशी येऊन थांबलं होतं. तळघरात तेलाची वात, शेजारी हिरवा दिवा, दोन कप कॉफी. एकातून वाफ निघत होती. दुसरा अर्धा झाला होता, आणि दोन्काच्या हातात तर पहिला होता. दिल्यानने तो विचार बाजूला सारला.

"तिथं नको बसू, ती जागा घेतलेली आहे," दोन्का म्हणाली. दिल्यान बटाट्याच्या पोत्यावर बसला. यंत्र जुनं झालंय, आग लागेल, थोडे दिवस बंद ठेवू, असं काहीबाही त्याने सुरू केलं. दोन्काने त्याला पुरतं बोलू दिलं.

"दिल्यान, अडतीस वर्षं संसार केला. मी बोलायला लागले की हा खाली यायचा. मी खाली आले की म्हणायचा, दोन्का, आत्ता नको, मागून कुणीतरी येतंय. आता मी तासभर बोलते आणि तो ऐकतो. मला कळतं ना रे. भिंत ऐकते ते वेगळं आणि माणूस ऐकतो ते वेगळं."

यावर माईकचं सांगायला माणूस दगडाचाच हवा. दिल्यान दगडाचा नव्हता. कॉफी न घेता घरी गेला.

पुढच्या शुक्रवारच्या गाठोड्यात बानित्सा होता. आमच्याकडे माणूस गेल्यावर नवव्या दिवशी जेवण असतं. तर त्या नवव्या दिवसाच्या जेवणाला पेनाने चीज घालून पापुद्र्यांचा बानित्सा भाजून आणला होता. दोन्काने मिन्कोला सांगितलं की तो मधे कच्चा होता. तिने तो कोंबड्यांपुढे टाकला, त्यांनीही तसाच ठेवला. पेनाचा जावई प्लोवदिवला असतो आणि दिल्यानच्याच टोळीत चोरून काळी खिंड खेळतो. चोरून, कारण बायकोने त्याला खेळ सोडायची शपथ घातली आहे. त्याने ऐकलं, त्याला राहवलं नाही, त्याने बायकोला सांगितलं. कुठे ऐकलं म्हटल्यावर "कानावर आलं" एवढंच म्हणाला. बायकोने आईला फोन केला. पेना कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"माझा बानित्सा कोंबड्या खात नाहीत म्हणे."

दोन्काच्या हातातली बादली तिथेच राहिली. तिने हे एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि तो जमिनीखाली होता.

"तुला कुणी सांगितलं?"

"ज्यानं सांगायचं त्यानं सांगितलं," पेना म्हणाली आणि आत निघून गेली.

आता हे सांगायला हवं, की लग्नाआधी मिन्को गावच्या जत्रेत नाचताना नेहमी पेनाचा हात धरायचा. त्याला चार दशकं उलटली. पेना तीन मुलांची आई झाली, विधवा झाली, गुडघे गेले. पण दोन्काच्या डोक्यात तो हात अजून तसाच धरलेला होता. चाळीस दिवस आत्मा आपल्या पायाखालच्या जुन्या वाटांवरून हिंडतो म्हणतात. कुठल्या वाटा, ते कुणी सांगत नाही.

दोन्का भोळी असेल, पण बावळट नव्हे. तिने परीक्षा घेतली. तळघरात जाऊन मिन्कोला हळूच सांगितलं की कुंपणावरचा अक्रोड मी तोडून टाकणार आहे. तसं तिच्या मनातही नव्हतं. कुणाला बोलली नाही, चर्चमध्ये मेणबत्ती लावतानासुद्धा ओठ मिटून होती. शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी तिने पडदा सारला, तर धुक्यात अक्रोडाखाली काळी शाल पांघरून एक आकृती उभी, हलत नव्हती. पेना होती. झाडाला पाठ लावून म्हणाली, "हात तर लावून बघ."

दोन्काने पडदा ओढून घेतला. तिला भीती वाटली, आणि भीतीहूनही जास्त राग आला. जिवंतपणी जाऊन आला असता तर भांडता तरी आलं असतं.

त्या आठवड्यात ती तळघरात एकच वाक्य बोलली. ते शुक्रवारी सगळ्यांना गेलं.

"मिन्को, खरं सांग. तू पेनाकडं जातोस का?"

त्यानंतर शांतता होती. यंत्राने तीही टिपली होती. आणि शांततेच्या शेवटी कुणीतरी घसा खाकरला.

दलदलीत उभे असलेले शिपाई एकदम पांगले म्हणतात. पोलंडमधल्या एका मुलीने तो आवाज मोठा करून पुन्हा पुन्हा ऐकला आणि सर्वांना लिहिलं की हे पुरुषाचं खाकरणं आहे. तिचे बाबा खोटं बोलण्याआधी अस्सेच खाकरतात. दिल्यानने स्वतःची समजूत घातली की तळघरात पाण्याचा बंब आहे, बंब आवाज करतो. प्लोवदिवचा जावई या वेळी बायकोला काहीच बोलला नाही; सासूच्या घरी जायचं मात्र त्याने लांबणीवर टाकलं.

मग मिन्कोचा जोडीदार म्हणून दिल्यानला खेळाच्या कंपनीच्या बाईंचा फोन आला. बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, मेलेल्या माणसाचं ॲड-ऑन दर शुक्रवारी नवी आवृत्ती काढतं, त्यात एक बाई रडते, एक पुरुष खाकरतो, आणि आमची गिऱ्हाइकं घाबरतात. कुणाच्याही तळघरातून काहीही वाटलं जातं, त्याचा हा परिणाम. एक तर शेजारी आमच्या कोठारात आणून द्या; आम्ही जुन्या शिव्या तेवढ्या ठेवू, बाकीचं काढू. नाहीतर शुक्रवारच्या आत आम्ही तो खेळातून कायमचा बंद करू. आणि सध्या तो कोण वाटतंय, त्याचं नाव आम्हाला हवं. दिल्यान म्हणाला, दुपारी सांगतो.

आता गत्यंतर नव्हतं. न सांगावं तर मिन्कोने उभं केलेलं सगळं पुसलं जाणार. सांगावं तर मावशीचा ऐकणारा जाणार. तो दोन्काच्या तळघरात जाऊन बटाट्याच्या पोत्यावर बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं: माईक, शुक्रवार, गाठोडं, पेनाचा जावई, आणि पोलंडची मुलगी म्हणते ते खाकरणंसुद्धा, जे बंबाचं असणार. ऐकताना दोन्का वातीची काजळी काढत होती. त्याचं संपलं तरी काढतच होती.

"म्हणजे पेनाकडं तो जात नव्हता," ती म्हणाली.

"नाही, मावशी. तो जावई होता."

"मेला जावई." तिचा चेहरा क्षणभर मोकळा झाला. मग तिने खुर्चीवरच्या टोपीकडे बघितलं. "म्हणजे ऐकतही नव्हता."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने दुसरा कप उचलला, आतली कॉफी मोरीत ओतली, कप विसळून पालथा घातला. एवढंच केलं.

"पण लोक ऐकत होते, मावशी. हजारो. मोज्यांचं ऐकून कुणीतरी नॉर्वेतून विचारत होतं, दुसरा सापडला का म्हणून."

"नाही सापडला," दोन्का म्हणाली. "घेऊन जा ते सगळं. दे त्या कंपनीला. लोकांना रडगाणी ऐकवत बसायला मी काही नटी नाही. आधी ते ऐकायचं काय म्हणतोस ते काढ. मग शेजारी ने."

दिल्यान यंत्रासमोर वाकला. मिन्कोचा माईक ओळखीचा होता. काळा, वाकड्या मानेचा. तो जागेवर नव्हता. यंत्राच्या मागे हात घातला, तिथेही वायर लागली नाही. त्याने इकडेतिकडे बघितलं. माईक वरच्या फळीवर, बरण्यांच्या मागे, स्वतःच्याच वायरीत गुंडाळून ठेवलेला होता. त्याच्यावर धूळ होती.

"मावशी, हा इथं कुणी ठेवला?"

"मीच. मातीहून आलो त्याच दिवशी. वातीची आच लागत होती वायरीला."

"त्याच दिवशी? मग परत लावला कधी?"

"कशाला लावू? मला काय माहीत तो कशाचा."

दिल्यानने यंत्र पुढून बघितलं, मागून बघितलं, झाकण काढून आत बघितलं. ऐकायचं दुसरं काहीही त्यात नव्हतं. कॅमेरा नव्हता, फोन जोडलेला नव्हता. पडद्यावर या आठवड्याचं गाठोडं उघडं होतं. त्यात आत्ताच एक नवी ओळ येऊन बसली होती. त्याने ती वाजवली. दोन्काचा आवाज आला, "म्हणजे ऐकतही नव्हता." आणि मागोमाग, अगदी जवळून, खुर्ची कुरकुरली.

दिल्यान यंत्रापासून मागे सरला आणि जिन्यापाशी जाऊन उभा राहिला. वाटेत त्याने बंबाला हात लावून बघितला; तो थंडगार होता. त्याच्या खिशात फोन वाजला. कंपनीच्या बाई होत्या. शेजारीचं वाटप सध्या नक्की कोणाकडे आहे, हे कळेल का, असं त्यांनी विचारलं. दिल्यानने खुर्चीकडे न बघता सांगितलं, "ज्याने लिहिलंय, त्याच्याकडेच. तो सोडायला तयार नाही." बाई काहीतरी विचारत होत्या, पण त्याने फोन ठेवून दिला.

दोन्का मात्र घाबरली नव्हती. ती खुर्चीकडे बघत होती. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की दिल्यानलाही क्षणभर भीतीचा विसर पडला.

"ऐकत होता," ती म्हणाली. "सगळं ऐकत होता. मी तुला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं, मावशी."

तिने पालथा घातलेला कप सुलटा केला, कॉफी भरली आणि खुर्चीसमोर ठेवली. मग तिचा हात कपावरच थांबला. आनंद चेहऱ्यावरून जसा आला तसा ओसरत गेला, आणि त्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं.

"मग पेनाचं विचारल्यावर खाकरला कशाला?"

खुर्चीतून काही उत्तर आलं नाही. दोन्काने जिन्याच्या खुंटीवरचा काळा रुमाल घेतला, डोक्याला आवळून बांधला आणि पायऱ्या चढायला लागली.

"कुठं निघालीस, मावशी?"

"पेनाकडं," ती वळून न बघता म्हणाली. "चाळीस दिवस संपायला अजून अवकाश आहे. तोवर नवरा माझाच आहे."